बाबासाहेबांचे ग्रंथ आणि बाबासाहेबांचे कागद



दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या भिवंडीतून माणसांचे जथेच्या जथे निघतात. कोणी एस.टी.ने कल्याण गाठतो, कोणी ठाणे गाठतो, आणि तेथून लोकलने आपण दादरला उतरतो. उतरल्यावर पाय आपोआप चैत्यभूमीकडे वळतात. तासन्‌तास रांगेत उभे राहून आपण अभिवादन करतो, शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून एखादे पुस्तक, एखादा फोटो, एखादे कॅलेंडर घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. परंतु त्याच दादर स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेला हिंदू कॉलनीत, बाबासाहेबांचे राजगृह उभे आहे. काही जण तेथेही जातात, बाहेरून हात जोडतात आणि पुढे सरकतात. हे घर बाबासाहेबांनी मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा हवी म्हणून बांधले, हे आपल्या मुलांना आपण सांगतो काय?

बाबासाहेबांचे चरित्र तुम्ही अनेकदा ऐकले आहे. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची दीक्षा या गोष्टी आपल्या घरातली लहान मुलेही जाणतात. आज मी तेच चरित्र तुम्हांला जरा वेगळ्या वाटेने सांगणार आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर जी पुस्तके जमवली, जे कागद लिहिले, त्यांचे त्यांच्या हयातीत काय झाले आणि त्यांच्या पश्चात काय झाले, त्याची ही हकीकत आहे. ती शेवटपर्यंत वाचा, कारण तिच्यातला एक भाग तुमच्या माझ्या घराशी येऊन ठेपतो.

भीमराव लहान असताना मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत मास्तर होते आणि आता पेन्शनीवर होते. पेन्शन ती केवढी! परंतु मुलाने पुस्तक मागितले आणि बापाने नाही म्हटले, असे झाले नाही. हातात पैसा नसला की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि मुलासाठी पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत. मायभगिनींनो, बाबासाहेबांच्या ग्रंथालयाचा पाया अशा रीतीने त्यांच्या बहिणींच्या दागिन्यांवर उभा आहे. भावाचे पुस्तक म्हणजे काय हे त्या बहिणींना कळत होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी ही त्या काळी मोठी गोष्ट होती, म्हणून लहानसा सत्कारसमारंभ झाला. त्या समारंभात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला जे घडले, त्याचे बीज या एका पुस्तकात होते. पुस्तक देणाऱ्याला त्या दिवशी याची कल्पना असेल काय? मुलाच्या हाती दिलेले पुस्तक कधी आणि कोठे उगवेल हे कोणालाच सांगता येत नाही.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती होती, त्यातूनच घरीही पैसे पाठवावे लागत. तरीही पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. त्यांतली पुष्कळ पुढे हिंदुस्थानात पोहोचलीच नाहीत. १९१७ साली लंडनहून मायदेशी परतताना त्यांचे सामान निराळ्या बोटीने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. पाणबुडीने ती बोट बुडवली आणि सामानाबरोबर पुस्तकेही समुद्राच्या तळाशी गेली. भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्याच पैशांच्या आधारावर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, आणि तेथे राहायला जागा मिळाली नाही म्हणून त्यांना काय अपमान सोसावा लागला हे आपण जाणतोच.

दुसरा कोणी असता तर खचला असता. बाबासाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १९२० ते १९२३ या काळात लंडनला अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दरवाजा उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर पडत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध तेथेच तयार झाला.

मुंबईला परतल्यावर परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत संसार होता. ग्रंथ वाढत होते, ठेवायला जागा नव्हती. वकिलीचा थोडा जम बसताच त्यांनी हिंदू कॉलनीत जागा घेतली आणि १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत घर उभे केले. नाव ठेवले राजगृह. रमाईंच्या वाट्याला या घरातले दिवस फार थोडे आले. २७ मे १९३५ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. बाबासाहेबांनी दुसरीही एक इमारत बांधली होती, चार मिनार नावाची. कर्ज फेडायचे आणि ग्रंथ घ्यायचे म्हणून १९४१ साली त्यांनी ती विकून टाकली. राजगृह मात्र कधी विकले नाही. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे पन्नास हजारांवर गेला असे सर्वत्र सांगितले जाते.

राजगृह हेच नाव का, याचा विचार करा. भगवान बुद्धांच्या काळी राजगृह ही मगध देशाची राजधानी होती. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली ती या राजगृहातच. महाकस्सप थेर अध्यक्षस्थानी होते. उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, आणि सर्व भिक्खूंनी तो एकमुखाने म्हणून पक्का केला. शास्ता गेला तरी त्याचा उपदेश जाऊ नये, त्यात कोणी पदरचे घालू नये, म्हणून ही खटपट होती. पुढे सिंहलद्वीपात तो उपदेश ताडपत्रांवर लिहून ठेवला गेला. आपल्या देशात मात्र विहार ओस पडले, नालंदेसारखे ग्रंथसंग्रह नष्ट झाले आणि लोक बुद्धांना विसरले. विसरले एवढेच नव्हे, तर ज्याच्या त्याच्या सोयीचा बुद्ध लोकांना सांगितला जाऊ लागला. सिंहलात, ब्रह्मदेशात, तिबेटात, चीनमध्ये ग्रंथ जपले गेले म्हणून तर बुद्धवचन आपल्यापर्यंत परत येऊ शकले. ग्रंथ गेले की धम्म जातो, आणि ज्यांनी तो बुडवला तेच त्याचा इतिहास लिहितात. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते.

म्हणूनच त्यांच्या सार्वजनिक जीवनाकडे पाहा. प्रत्येक लढ्याच्या मागे कागद आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. १९२० साली 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', आणि या 'जनता'चेच १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, त्यानंतर गोलमेज परिषदेत निवेदने केली. मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल आणले. सभेत टाळ्या वाजतात आणि विरून जातात. सरकारदरबारी टिकतो तो कागद.

आपल्या भिवंडीच्या मागावरच्या कामगारांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम चाले, ते ४८ तासांवर आणण्याचे बिल १९४६ साली त्यांनी मांडले. आजही भिवंडीत पुष्कळ मागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून सकाळी लाल डोळ्यांनी घरी येणाऱ्या माझ्या भावा, तुझ्या तासांसाठी कोणी भांडले होते हे तुला ठाऊक हवे. ते सगळे भाषण, ती सगळी चर्चा महाराष्ट्र शासनाने छापलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहे. तो खंड छापला गेला, कारण कागद राहिले होते.

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे कायदेमंत्री झाले, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हिंदू कोड बिल मंजूर होऊ दिले जात नाही, मागासवर्गीयांच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होते, अशा कारणांनी सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन त्यांना सभागृहात त्या दिवशी ठरल्या वेळी करू दिले गेले नाही, तेव्हा ते बाहेर पडले आणि लिहून आणलेले निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांच्या हाती दिले. येथेही कागद कामी आला. जे सभागृहात ऐकले गेले नाही ते साऱ्या देशाने वाचले.

मंत्रिपद गेल्यावर ते दिल्लीत २६, अलीपूर रोड या बंगल्यात राहायला गेले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभव झाला, १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातही झाला. राज्यसभेचे ते सभासद होते, परंतु सत्ता उरली नव्हती. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय दुखत, दृष्टी मंदावत चालली होती. सत्तेतून बाहेर पडलेले पुढारी बहुधा पुन्हा सत्तेकडे डोळे लावून बसतात. बाबासाहेब लिहायला बसले. सरकारी नोकरीतले नानकचंद रत्तू नावाचे पंजाबी गृहस्थ ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे येत आणि रात्री उशिरापर्यंत बसून त्यांचे लेखन टाइप करून देत. या बंगल्यात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा झाला. कितीतरी दुसरी पुस्तकेही हातात होती. काही अर्धी, काही जवळजवळ पुरी, काहींची नुसती प्रकरणे.

छापण्यासाठी पैसा नव्हता. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले की बुद्धजयंतीच्या निमित्ताने सरकारने या ग्रंथाच्या पाचशे प्रती विकत घ्याव्यात. ते झाले नाही. ज्याने देशाची घटना लिहिली, त्याला आपल्या ग्रंथाच्या पाचशे प्रतींसाठी पत्र लिहावे लागले आणि नकार ऐकावा लागला! त्यानंतर महिन्याभरातच, १४ ऑक्टोबरला, नागपूरला लाखो लोकांनी त्यांच्यामागे त्रिशरण पंचशील घेतले. सरकारने पाचशे प्रती घेतल्या नाहीत. लोकांनी आपले सगळे जीवनच त्या ग्रंथाच्या स्वाधीन केले.

५ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांनी रत्तूंकडून या ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय हे कागद उशाशी मागवून घेतले. झोपण्यापूर्वी त्यांच्यावरून हात फिरवायचा होता. सकाळ झाली तेव्हा बाबासाहेब उठले नाहीत. त्या उशाकडच्या कागदांचे पुढे काय झाले ते ऐका. १९५७ साली ग्रंथ निघाला, परंतु त्यात ती प्रस्तावना नव्हती. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या पुस्तकाची, वडिलांच्या शिस्तीची, बुद्धाकडे आपण कसे वळलो त्याची हकीकत बाबासाहेबांनी ज्या पानांत सांगितली होती, ती पाने वाचकांना दिसली नाहीत. दिल्लीच्या भगवान दास यांनी १९८० साली ती प्रसिद्ध केली. शेवटच्या रात्री उशाशी ठेवलेले कागद सर्वांपुढे यायला चोवीस वर्षे लागली.

आणि बाकीच्या कागदांची गत? बाबासाहेबांच्या पश्चात वारसाहक्काचा प्रश्न न्यायालयात गेला. अलीपूर रोडवरच्या बंगल्यात पेट्या, कपाटे, गठ्ठे तसेच राहिले. पुढे त्या जागेची मालकी बदलली, आणि जानेवारी १९६७ मध्ये खोल्या रिकाम्या करताना पुष्कळ कागद उघड्यावर पडले. त्याच दिवसांत पाऊस आला. काय भिजले, काय कुजले, काय कोणी रद्दीत घातले, याचा हिशेब आता कधीच लागणार नाही. जे वाचले ते न्यायालयाच्या आणि सरकारी व्यवस्थापकाच्या ताब्यात, कुलपात गेले. एक भाग समुद्रात बुडाला होता, दुसरा भाग पावसात भिजला. आपण तेव्हा कोठे होतो? आपण गावोगाव जयंत्या करीत होतो, मिरवणुका काढीत होतो. मी कोणाला दोष देत नाही. आपले आईबाप तेव्हा पोटासाठी झगडत होते. पण गोष्ट घडली ती अशी घडली.

तरी काही माणसे जागी होती. १९४६ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजाकडे त्यांच्या ग्रंथांचा मोठा साठा गेला आणि तेथे तो जपला गेला. त्या कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांनी बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम जवळून पाहिले होते आणि पुढे संशोधकांना मोलाची मदत केली. नागपूरच्या दीक्षा समारंभाचे एक प्रमुख कार्यकर्ते वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू मिळवून नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात ठेवल्या. त्यांत टाइपरायटरही आहे. या माणसांना कोणी आदेश दिला नव्हता. आपले काम समजून त्यांनी ते केले.

लोकांची मागणी वाढली तेव्हा १९७६ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. या कामावर वसंत मून यांची विशेष अधिकारी म्हणून नेमणूक झाली. मून हे नागपूरच्या आपल्याच वस्तीतले, महसूल खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. कुलपातल्या पेट्या न्यायालयाच्या परवानगीने मिळवायच्या, पिवळी पडलेली पाने उलगडायची, कोणते पान कोणत्या पुस्तकाचे ते ओळखायचे, हस्ताक्षर लावायचे, असे ते काम होते. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड बाहेर पडला. 'जातिनिर्मूलन' हा महत्त्वाचा निबंध त्यात आहे. २००२ साली मून यांचे निधन झाले, तोवर एकामागून एक असे अनेक खंड त्यांच्या हातून तयार झाले होते.

१९८७ साली चौथा खंड निघाला, 'हिंदू धर्मातील कोडी'. या ग्रंथाची अखेरची प्रत मिळालीच नव्हती. सापडलेल्या सुट्या प्रकरणांवरून तो जुळवावा लागला. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या प्रकरणावरून केवढे वादळ उठले! खंड मागे घ्या अशी ओरड झाली, तो जाळलाही गेला. तेव्हा आपली माणसे घरात बसली नाहीत. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. या प्रकरणातील मतांशी शासन सहमत आहेच असे नाही, अशी तळटीप घालून प्रकरण कायम राहिले. मोर्चातल्या कितीतरी माणसांना ते इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हते. तरीही त्या पानांवर आपला हक्क आहे एवढे त्यांना कळत होते. रामजीबाबांच्या मुलींना जे कळत होते, तेच हे.

बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातल्या काही आठवणीही मिळाल्या. लहानपणी मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे जाताना बैलगाडीवाल्याने कसे वागवले, पाण्यावाचून रात्र कशी काढली, बडोद्याला पारशी खाणावळीतून कसे बाहेर पडावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या छापल्या. ही पाने रद्दीत गेली असती तर? मग हे सारे खोटे आहे, अतिशयोक्ती आहे, असे म्हणायला लोक मोकळे झाले असते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ याच शासकीय मालेत अकरावा खंड म्हणून १९९२ साली आला. पुढे मराठी भाषणांचे खंड आले, पत्रव्यवहाराचा खंड आला. मध्यंतरी छपाई रखडली, खंड मिळेनासे झाले. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. म्हणजे काम संपलेले नाही. कागद मिळाले म्हणून ते छापले जातातच असे नाही, आणि छापले म्हणून ते वाचले जातातच असे नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी शासनाच्या मागे लागावे लागते. तिसरी गोष्ट कोणाच्या हातात आहे?

ती तुमच्या माझ्या हातात आहे, आणि येथे मी आपल्या घराकडे येतो.

मी शाळामास्तर आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. वडील मागावर काम करीत. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात आजोबांचा शाळेचा दाखला, दीक्षेच्या वेळची काही पत्रके, 'प्रबुद्ध भारत'चे सुटे अंक आणि गिरणीतल्या युनियनच्या पावत्या होत्या. खोली बदलताना आईने ती पेटी मोकळी केली आणि कागद रद्दीवाल्याला दिले. दोन-तीन किलो भरले असतील. मी तेव्हा घरातच होतो, आठवी-नववीत शिकत होतो, आणि मीच तो गठ्ठा दारापर्यंत उचलून नेला. आईला वाचता येत नव्हते. मला येत होते, पण मी एकही कागद उलटून पाहिला नाही. पुढे जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला हवा झाला तेव्हा गावच्या शाळेचे जुने रजिस्टर शोधत मला तीन खेपा घालाव्या लागल्या. रजिस्टर होते म्हणून निभावले. ती पत्रके मात्र गेली ती गेली.

तुम्ही नव्याने धम्मात आलेली कुटुंबे आहात. घर धुऊन काढताना जुने देव काढलेत, ते योग्यच केले. परंतु त्या भरात जुने कागद टाकू नका. कागदाला शिवाशिव नसते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. धर्मांतरित बौद्धांना राज्य शासनाने १९६० पासून सवलती दिल्या, केंद्र सरकारने १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. पण तो हक्क तुमच्या मुलाला मिळायचा तर आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा, असे काहीतरी लागतेच. ते मिळवा, त्यांच्या नकला काढा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा. मागाच्या खोल्यांत पावसाळ्यात पाणी शिरते, तेव्हा पेटी फळीवर ठेवा, जमिनीवर नको.

दुसरे काम विहाराचे. वंदनेला आपण रविवारी जमतो. तेथे एक कपाट असावे आणि त्याला कुलूप असले तरी किल्ली जवळच असावी. शासनाचे खंड स्वस्त असतात; चार घरांनी वर्गणी काढली तर वर्षाला एक-दोन खंड येतात. एक वही ठेवा. तिच्यात आपल्या वस्तीत दीक्षा कधी झाली, कोणाच्या हस्ते झाली, पहिली जयंती कोणी केली, विहाराची जागा कशी मिळाली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून तारखेसह लिहून काढा. आपल्या शाळकरी मुलामुलींनाच हे काम सांगा. आजी सांगेल, नात लिहील. आजीला अक्षर येत नसले तरी तिची गोष्ट अक्षरात येईल.

तिसरे काम येत्या ६ डिसेंबरचे. चैत्यभूमीहून परत निघताना पूल ओलांडून पूर्वेला जा. मुलाला राजगृह दाखवा. हे घर एका सुभेदाराच्या मुलाने पुस्तकांसाठी बांधले, आणि त्याच्या बहिणींनी त्याच्या पुस्तकांसाठी आपले दागिने दिले होते, हे त्याला तेथे उभे राहून सांगा. मग शिवाजी पार्कवर घेतलेले पुस्तक परतीच्या गाडीत त्याच्याच हाती द्या. कल्याणपर्यंत त्याची चार पाने झाली तरी पुष्कळ झाली.

जयभीम.